पाणी चढतं तेव्हा मासा काय खातो?

जूनच्या मध्यावर बोरीवली स्टेशनच्या आसपास पालघर-डहाणूकडच्या बायका शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन बसायला लागतात. त्यांच्यातल्या एखादीच्या टोपलीत रानभाजीच्या शेजारी, ओल्या पानांखाली, बोटभर ते वीतभर लांबीचे मासे असतात. ही वलगणीची, म्हणजे चढणीची मासळी. पहिल्या दमदार पावसात ओढ्या-नाल्यांतून उलट्या दिशेने चढत शेतांपर्यंत पोचलेली. समुद्रातली मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, त्यामुळे या टोपलीवर गिऱ्हाईक तुटून पडतं.

हे मासे घरी साफ करायला घेतले की दोन गोष्टी दिसतात. मादीचं पोट गाबोळीने तट्ट फुगलेलं असतं आणि आतडं जवळजवळ रिकामं, दोऱ्यासारखं बारीक असतं. तोच मासा गणपती गेल्यानंतर आणा. गाबोळी नावालाही नसते, आतडं गच्च भरलेलं असतं आणि त्याला पिवळसर चरबी चिकटलेली असते. ज्या दिवसांत चहूकडे नवं पाणी आणि नवं खाणं येतं, नेमक्या त्याच दिवसांत मासा उपाशी का? आणि सप्टेंबरात त्याच्या पोटात जे भरलेलं असतं ते आलं कुठून?

उत्तरासाठी आधी पाण्याच्या काठाकडे बघावं लागेल.

काठ मागे सरकतो म्हणजे काय होतं

बोरीवलीकरांना तुळशी तलाव वर्तमानपत्रातून ओळखीचा असतो. बहुतेक वर्षी जुलैत ‘तुळशी भरून वाहू लागला’ अशी बातमी येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात १८७९ मध्ये बांधून पूर्ण झालेला हा तलाव तसा लहानच. पूर्ण भरला की त्यात ८०४.६ कोटी लीटर पाणी मावतं आणि पाण्याचा पसारा १.३५ चौरस किलोमीटर होतो. त्याला पाणी पुरवणारं जंगल मात्र ६.७६ चौरस किलोमीटर, म्हणजे तलावाच्या पाचपट आहे. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये उतरतं आणि विहार भरला की मिठी नदीत.

बातमीत पाण्याची उंची असते. माशाच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती रुंदी. काठाचा उतार शंभर फुटांना पाच फूट धरा. पाणी पाच फूट चढलं की काठ शंभर फूट मागे सरकतो. म्हणजे तलावाभोवती शंभर फूट रुंदीचा पट्टा, जो आठ दिवसांपूर्वी जमीन होता, आता पाण्याखाली आहे. या पट्ट्यात काय काय आहे? उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उगवलेलं आणि वाळलेलं गवत, साचलेला पालापाचोळा, चरायला आलेल्या चितळ-सांबरांच्या लेंड्या, भेगाळलेल्या चिखलातले किडे, मुंग्यांची वारुळं, गांडुळं आणि झाडांवरून गळालेली फळं व बिया. पाण्याने हे सगळं एका रात्रीत ताब्यात घेतलं.

नदीकाठची जी सपाट जमीन दरवर्षी पुराखाली जाते तिला पूरमैदान म्हणतात. त्यातल्या खोलगट जागी उरलेले तलाव म्हणजे आसामातले बील किंवा उत्तर बिहारमधले मन. कंबोडियातलं तोन्ले साप सरोवर हे याचं सर्वांत भव्य रूप. कोरड्या दिवसांत ते सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर असतं आणि पावसाळ्यात मेकाँग नदीच्या पुराचं पाणी उलटं आत शिरून ते पंधरा हजारांच्या आसपास पसरतं. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या उतारामुळे असे तलाव फारसे नाहीत. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हा बंधाऱ्यामागे गाळ साचून झालेला उथळ पसारा त्यातल्या त्यात जवळचा. २०२० मध्ये त्याला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली.

पण आपल्याकडे पूरमैदानाचं काम दुसरं कुणीतरी करतं, ते म्हणजे भाताचं खाचर. वसई, पालघर, रायगडातली खाचरं चार महिने वीतभर पाण्याखाली असतात आणि आठ महिने कोरडी. बांधाच्या तोंडातून ती ओहोळाला, ओहोळ ओढ्याला आणि ओढा नदीला जोडलेला असतो. माशाला नांगरट दिसत नाही. त्याला उथळ, कोमट, गवताचं पाणी दिसतं, आणि तेवढं त्याला पुरतं. धरणाच्या भिंतीवरून मासा चढू शकत नाही हे खरं, पण तुळशी-विहारमधले मासेही पावसात तलावाला येऊन मिळणाऱ्या रानओढ्यांत वर घुसतात. तत्त्व तेच.

कोरडी माती भिजली की

बुडालेलं गवत थेट खाणारे मासे आपल्याकडे कमी. मग या पट्ट्याचं खाणं होतं कसं? इडलीचं पीठ आठवा. तांदूळ आणि उडीद कोरडे असताना डब्यात महिनोन्‌महिने तसेच राहतात. भिजवून, वाटून, उबेला ठेवले की रात्रीत फुगून येतात, कारण त्यांच्यावर आधीपासूनच असलेल्या सूक्ष्मजीवांना पाणी, ऊब आणि खाणं एकाच वेळी मिळतं. तलावाच्या काठावरचा कोरडा पट्टा हा असाच डब्यातला शिधा आहे. पहिल्या पाण्यासरशी तो आंबायला लागतो.

मातीच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. उन्हाने माती कडकडीत वाळते तेव्हा तिच्यातले असंख्य सूक्ष्मजीव मरतात. पुन्हा पाणी मिळालं की मेलेल्यांच्या शरीरातलं नत्र आणि स्फुरद एकदम मोकळं होतं आणि जिवंत उरलेले त्यावर तुटून पडतात. सतत ओल्या राहिलेल्या मातीपेक्षा वाळून भिजलेली माती काही दिवस कितीतरी जास्त पोषकद्रव्यं सोडते. पूर्व आफ्रिकेत शेतीच्या मातीवर काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे मांडलं आणि आजही त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. मे महिन्यातलं ते रखरखीत, ओसाड दिसणारं काठाचं मैदान म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. ते वाळतं म्हणूनच पुढे पिकतं.

या पोषकद्रव्यांवर हिरवी सूक्ष्म शेवाळं वाढतात. शेवाळ आणि जिवाणूंवर प्राणिप्लवक वाढतात. प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे प्राणी. त्यांना बाहेरून यावंच लागत नाही. गेल्या वर्षी पाणी आटताना त्यांनी घातलेली टणक कवचाची अंडी चिखलात झोपून राहिलेली असतात. भिजली की ती उबतात. आधी येतात ते तोंडाभोवतीचे केस चाकासारखे फिरवणारे अगदी बारीक जीव. चार-पाच दिवसांतच त्यांची गर्दी होते. त्यानंतर आठवड्या-दहा दिवसांत पाणपिसवांसारखे थोडे मोठे जीव येतात. मग त्यांच्यावर जगणाऱ्या किड्यांच्या अळ्या.

हा क्रम लक्षात ठेवा, कारण मादी त्याच्याच हिशेबाने निघालेली असते.

उपाशी येणारी मादी

रोहू-कटल्याच्या घराण्यातल्या माशाचं अंडं आपल्या उन्हाळी तापमानात एका दिवसाच्या आत फुटतं. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी असते, ती साधारण तीन दिवस पुरते. चौथ्या दिवशी पिल्लाला तोंडात मावेल एवढं बारीक, हलणारं खाणं मिळालं नाही तर ते मरतं. त्याला उद्यापर्यंत थांबता येत नाही.

आता दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवा. जमीन बुडाल्यानंतर चार-पाच दिवसांनी बारीक प्राणिप्लवकांची गर्दी होते, आणि जमीन बुडताच घातलेल्या अंड्यातून आलेल्या पिल्लाला चार-पाच दिवसांनीच भूक लागते. मादीने दोन आठवडे उशीर केला तर पिल्लाच्या तोंडापेक्षा मोठे जीव माजलेले असतात आणि त्यातले काही पिल्लांनाच खातात. म्हणून पहिल्याच मोठ्या पावसात ही सगळी धांदल.

पुराशिवाय या माशांचं चालत नाही याचा सर्वांत मोठा पुरावा मत्स्यशेतीतून मिळाला. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात सोडले की मजेत वाढतात, त्यांच्या पोटात गाबोळीही धरते, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. पूर्वी सगळं बीज पुराच्या नद्यांतून जाळ्याने गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली. पुराचा निरोप त्यांनी सुईने दिला. १० जुलै हा आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे तो यामुळे.

तर मादी उपाशी का, याची दोन कारणं. पहिलं अगदी साधं. पोटात जागाच नाही. गाबोळी वाढून इतकी जागा व्यापते की आतडं दाबलं जातं. दुसरं, तिचं सगळं लक्ष त्या काही दिवसांत चढण्याकडे असतं. अंगातली ताकद ती आधीच साठवून आलेली आहे. कुठून? गेल्या भाद्रपदातून. सप्टेंबरात आतड्याला चिकटलेली जी चरबी दिसते ती हिवाळ्या-उन्हाळ्यात हळूहळू वापरली जाते आणि बऱ्याच अंशी गाबोळीत जाते. जूनमध्ये आपण तळून खातो ती गाबोळी म्हणजे मागच्या वर्षीच्या पुराचं जेवण आहे. एका वर्षी पाऊस ओढला तर त्याचा फटका दुसऱ्या वर्षीच्या पिल्लांना बसतो, तो असा.

भर पावसातली पंगत आणि तिथे उपाशी राहणारे

अंडी घालून मोकळे झालेले मासे जुलैपासून खायला लागतात आणि मग काय खावं, काय नको असं होतं. कोरड्या दिवसांत ज्याचं खाणं ठरलेलं असतं तो मासाही आता चव बदलतो. पृष्ठभागावर वावरणाऱ्या चिमुकल्या माशांच्या पोटात पहिल्या पावसात उडालेली पंखवाली वाळवी, मुंग्या, गवतावरून पडलेले तुडतुडे निघतात. शिंगटी तळाशी मिशा फिरवत किड्यांच्या अळ्या आणि बारीक झिंगे वेचते. रात्री फिरणारी वाम गांडुळांवर ताव मारते. मांगुराला काहीही चालतं. किडे, गोगलगाई, कुजकं, छोटे मासे, सगळं.

रोहू, कटला, मृगळ यांची वाटणी तर पाठ्यपुस्तकातली. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले प्राणिप्लवक गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा कुजका थर चाटतो. रोहू मधल्या थरात वनस्पती आणि काड्यांवरचा शेवाळाचा बुळबुळीत थर खरवडतो. आतडं बघून हे स्वयंपाकघरातही ओळखता येतं. वनस्पती आणि चिखल खाणाऱ्याचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, वेटोळी घातलेलं असतं. मरळीसारख्या शिकारी माशाचं आखूड आणि सरळ.

फळं खाणारे मासेही आहेत. ॲमेझॉनच्या पूरजंगलात वर्षाकाठी सरासरी दहाएक मीटर पाणी चढतं, झाडांच्या खोडांमध्ये मासे पोहतात आणि तंबाकी नावाचा दणकट मासा रबराच्या झाडाच्या टणक बिया दाढांनी फोडतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या नद्यांतला महसीर काठावरच्या उंबराची गळालेली फळं खातो. राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांवरही उंबर आणि जांभळं ओणवी असतात, आणि जांभूळ नेमकं जूनच्या तोंडावर पिकतं.

या पंगतीत एक गट मात्र हात चोळत बसतो. तो म्हणजे शिकारी माशांचा. सामान्य समज असा की पाणी वाढलं, मासे वाढले, म्हणजे मरळीची चैन. प्रत्यक्षात उलटं होतं. तेच भक्ष्य आता दसपट जागेत विखुरलेलं असतं, गवताच्या काड्यांत लपलेलं असतं आणि पाणी गढूळ असतं. पूरमैदानांवरच्या अभ्यासांत भरपुराच्या काळात शिकारी माशांची पोटं रिकामी सापडण्याचं प्रमाण वाढतं. त्यांचे दिवस येतात पाणी उतरल्यावर. मरळ हा तोटा काही अंशी किडे आणि बेडूक खाऊन भरून काढते. तिची पिल्लं प्राणिप्लवकांपासून सुरुवात करतात आणि तोवर आई-बाप त्यांच्या थव्यावर पहारा देतात. चढणीच्या माशांपैकी इतक्या जबाबदारीने वागणारे फार थोडे.

> माशाचं वर्ष, थोडक्यात
> जून : चढण. मोठे मासे जवळजवळ उपाशी. बुडालेली जमीन आंबायला लागते.
> जुलै–ऑगस्ट : पिल्लं प्राणिप्लवकांवर. मोठे मासे किडे, बिया, शेवाळ, कुजकं यांवर. शिकारी मासे तुलनेने भुकेले.
> सप्टेंबर–ऑक्टोबर : उतरण. सगळ्यांची पोटं भरलेली, चरबी साठते. शिकाऱ्यांची चांदी.
> नोव्हेंबर–फेब्रुवारी : खाणं कमी, वाढ मंद. गाबोळी हळूहळू धरते.
> मार्च–मे : डोहात दाटी. चिखल, शेवाळ आणि एकमेकं.

पोटात दिसतं ते अंगाला लागतंच असं नाही

मासा काय खातो हे शोधण्याची जुनी रीत म्हणजे पोट कापून बघणं. अंधेरीत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्यासारख्या प्रयोगशाळांत माशाच्या आतड्यातला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं हे अगदी नेहमीचं काम आहे. शंभर पोटांपैकी किती पोटांत किडे, किती पोटांत शेवाळ, असा हिशेब मांडला जातो. पण या पद्धतीत एक फसगत आहे. पोट फक्त शेवटचं जेवण सांगतं. शिवाय पचलेलं दिसत नाही आणि न पचणारं ठळक दिसतं. किड्याचं कवच टिकतं, मऊ अळी तासाभरात विरघळते.

दुसरी रीत माशाच्या मांसालाच प्रश्न विचारते. निसर्गात कार्बनचे हलका आणि किंचित जड असे दोन टिकाऊ प्रकार आहेत. ज्वारी, मका, ऊस यांच्या गटातली उष्ण प्रदेशातली गवतं इतर वनस्पतींच्या तुलनेत जड कार्बन थोडा जास्त घेतात. बहुतेक झाडं, भात आणि पाण्यातली शेवाळं तो कमी घेतात, आणि त्यांच्यातही आपापसात फरक असतो. जे खाल्लं त्याची ही खूण खाणाऱ्याच्या मांसात उतरते आणि काही महिने राहते. म्हणजे मांसाचा कण तपासला की शेवटचं जेवण नाही, तर सगळ्या मोसमाचा जमाखर्च हाती येतो.

ही रीत ॲमेझॉनच्या पूरमैदानात वापरली तेव्हा धक्का बसला. तिथे निम्म्याहून जास्त हिरवा माल तरंगत्या गवतांचा असतो आणि तळातला कुजका थर खाणारे मासे भरमसाट. साहजिक अंदाज होता की गवत कुजतं आणि मासे ते खातात. पण १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चिखलखाऊ माशांच्या मांसात गवताची खूण फार थोडी निघाली. खूण जुळत होती ती पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांशी. पोटात ढीगभर कुजकं गवत आणि अंगाला लागलेलं मात्र त्यात मिसळलेलं चिमूटभर शेवाळ.

मग बुडालेल्या गवताचा उपयोग काय? ते खाणं कमी आणि खाण्याची जागा जास्त. पाण्यात उभी असलेली प्रत्येक काडी म्हणजे शेवाळ धरायला मिळालेला पृष्ठभाग. भाताचं रोप पाण्यातून उपटून बोटांनी चोळा, जो बुळबुळीतपणा लागतो तोच हा थर. एका खाचरातल्या सगळ्या काड्यांचा पृष्ठभाग एकत्र केला तर तो खाचराच्या कितीतरी पट भरेल. शिवाय कुजताना सुटलेली पोषकद्रव्यं या शेवाळालाच मिळतात. म्हणजे काठ भिजल्याचा फायदा माशाला मिळतो, पण एक हात सोडून. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण डोळ्यांना दिसणारा पुरावा इथे साफ खोटा ठरतो.

जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग युंक यांनी बेली आणि स्पार्क्स यांच्याबरोबर १९८९ मध्ये हे सगळं एका विचारात गुंफलं. तोवर नदीचा अभ्यास म्हणजे उगमापासून मुखापर्यंत वाहत येणाऱ्या पाण्याचा अभ्यास होता. युंक यांचं म्हणणं, मोठ्या नदीतलं जीवन उगमाकडून आलेल्या शिध्यावर कमी आणि बाजूला पसरून परत येणाऱ्या पाण्यावर जास्त जगतं. पूर म्हणजे त्या जीवनाची नाडी. कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नव्हती. केरळातही पहिल्या पावसात चढणाऱ्या माशांना ‘ऊत्ता’ असं खास नाव आहे. पण नदी आडवीही बघायची असते ही गोष्ट अभियंत्यांपर्यंत पोचवायला युंक लागले, आणि त्यांच्यापर्यंत ती अजून पुरती पोचलेली नाही.

खाडीत रोज दोनदा

बोरीवलीच्या पश्चिमेला हाच खेळ घाईने चालतो. गोराईच्या खाडीत भरतीचं पाणी दिवसातून दोनदा खारफुटीच्या मुळांत शिरतं. त्याच्याबरोबर बोय आत येते, चिखलावरचा शेवाळाचा तपकिरी थर ओठांनी खरवडते आणि ओहोटीबरोबर बाहेर पडते. निवटी चिखलावरच राहून तोच थर चाटते. इथे मोसम सहा तासांचा, एवढाच फरक.

उतरण

सप्टेंबरात पाऊस ओसरतो, खाचरातलं पाणी कमी व्हायला लागतं आणि बोटाएवढी झालेली पिल्लं बांधाच्या तोंडातून खाली निघतात. चढणीची जेवढी चर्चा होते तेवढी उतरणीची होत नाही, पण पोषणाचा खरा व्यवहार इथे पुरा होतो. जमिनीवरचं गवत, लेंड्या, किडे, शेवाळ हे सगळं आता पिल्लांच्या मांसाच्या रूपाने नदीत आणि तलावात परत येतंय. प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी मरळ, वाम, बगळे, पाणकावळे आणि माणसं आपापली हत्यारं घेऊन उभी असतात. तुळशी-विहारमध्ये त्यांच्यात मगरींचीही भर पडते. (राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी आहे, मगरी नसत्या तरी असती.)

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत माशाचं ताट आक्रसत जातं. डोहात सगळे एकत्र कोंडले जातात, मोठे लहानांना खातात, उरलेले तळचा चिखल उपसतात. कित्येक माशांच्या खवल्यांवर या उपासमारीची खूण म्हणून दाट कडं उमटतं, आणि भिंगाखाली ती कडी मोजून मत्स्यशास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. मरळ, मांगूर यांना हवेतून श्वास घेता येतो म्हणून ते सडक्या पाण्यातही तगतात. परदेशी मासे इथेच बाजी मारतात. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी शेवाळ, कुजकं, अळ्या सगळं खाते, साचलेल्या पाण्यात अंडी घालते आणि पिल्लांना तोंडात सांभाळते. तिला पुराची गरज नाही. बंदी असूनही अधूनमधून पकडला जाणारा आफ्रिकी मांगूर त्याहून अधाशी. ज्या पाण्यातून पूर काढून घ्याल, ते पाणी शेवटी या दोघांचं होतं.

भिंतीमधली दहिसर नदी

तुळशीच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात अजून नदीसारखी वाहते. दगड, डोह, उताराचे मातीचे काठ, पावसात बाजूला पसरणारं पाणी. उद्यानाबाहेर पडून श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत ती मनोरीच्या खाडीकडे निघते तेव्हा दोन्ही बाजूंना उभ्या भिंती येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरांत घरं बुडाली, माणसं गेली. त्यानंतर मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांना ठिकठिकाणी भिंती घालून पाणी लवकर समुद्राकडे काढण्याची कामं झाली. वस्तीलगत त्याला फारसा पर्याय नव्हता, हे मान्य करायला हवं.

पण भिंतीने माशाचं काय केलं ते आता सांगता येतं. पाणी आजही चढतं, कदाचित पूर्वीपेक्षा जोरात. रुंदी मात्र वाढत नाही. पाच फूट चढलेल्या पाण्याला बुडवायला शंभर फूट सोडा, फूटभरही जमीन मिळत नाही. वाळून भिजणारी माती नाही, म्हणून प्राणिप्लवकांची अंडी नाहीत. उथळ गवताचं पाणी नाही, म्हणून शेवाळाला काडी नाही. वेग इतका की अंडं टिकत नाही. उरतं ते सांडपाण्याच्या गाळातल्या तांबड्या अळ्या आणि कुजका थर, आणि ते खाऊ शकणारी चिलापी आणि डासांसाठी सोडलेले गप्पी. तेही दर मोठ्या पावसात वाहून जातात. नदीला पूर येतो आणि मासा उपाशी राहतो, असा हा उरफाटा प्रकार.

२०१७ पासून ‘रिव्हर मार्च’सारख्या नागरिकांच्या प्रयत्नांतून या चार नद्यांबद्दल बोललं जातंय. त्यातला बराच भर सांडपाणी आणि कचऱ्यावर असतो आणि तो योग्यच आहे. मात्र पाणी स्वच्छ झालं तरी काठाशिवाय नदीत मासे परत येणार नाहीत. तुमच्या भागातल्या नदीच्या कामाचा आराखडा लोकांपुढे येईल तेव्हा एक सूचना लेखी द्या : जिथे घरं नाहीत, बाग किंवा मोकळं मैदान आहे, तिथे उभी भिंत घालू नका, उतरता मातीचा काठ ठेवा आणि पावसाळ्यात तो बुडू द्या.